फर्स्ट हीट आणि सेकंड शिफ्ट

सुशीलाबाईंनी ताकाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेली वस्तू ही भिलाईच्या इतिहासातली एक मोलाची ठेव आहे, असं गुलाबराव लांजेवारांचं मत होतं. सुशीलाबाईंचं मत असं होतं की पातेल्याचं मूळ झाकण चेपलेलं आहे आणि ही तबकडी त्याच्या तोंडावर अगदी मापात बसते.

"अवं, रेकॉर्ड हाये ते," गुलाबराव म्हणाले. "आमची रेकॉर्ड."

"पेटीभर पडून हायेत नं पलंगाखाली," सुशीलाबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "त्यातली एक कामाले आली त तुमाले कावून राग येऊन राहिला? बावीस वर्सांत पयल्यांदा तिचा कोनाले तरी उपयोग झाला."

बायको खोटं बोलत असती तर गुलाबरावांनी उत्तर दिलं असतं.

चौऱ्याहत्तर साली गुलाबरावांच्या डोक्यावर केस होते आणि पँट खालून इतकी रुंद होती की सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून तिला क्लिप लावावी लागे. ते, ओमप्रकाश कापगते आणि धोंडबा हटवार असे तिघं भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल्वेचे रूळ काढणाऱ्या रेल मिलमध्ये ट्रेनिंगला होते. गुलाबराव गिटार वाजवत आणि गात, ओमप्रकाश अकॉर्डियन ओढायचा, आणि तिघांत वयानं मोठा, तेव्हाच लग्न झालेला धोंडबा ड्रम बडवायचा. नर्सिंग शिकणारी बेबी त्यांच्यात गायची, ही गोष्ट कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरातल्या कित्येक घरांत वरणभातापेक्षा चवीनं चघळली जायची. भट्टीतून निघणाऱ्या तापल्या लोखंडावरून चौघांनी बँडचं नाव ठेवलं 'हॉट मेटल'. कलकत्त्याला जाऊन त्यांनी पहिलीच रेकॉर्ड काढली, तिचं नाव 'फर्स्ट हीट'. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या पोलादाच्या घाण्याला कारखान्यात हीट म्हणतात. वेष्टनावर चौघं डोक्याला हेल्मेट घालून उभे होते आणि धोंडबाचे डोळे मिटलेले होते. फोटोग्राफर दुसरा फोटो काढायला तयार नव्हता.

रेकॉर्डची पेटी दुर्ग स्टेशनावर उतरली आणि त्याच सुमाराला तिघांचं ट्रेनिंग संपलं, बेबी हॉस्पिटलात रुजू झाली, आणि चौघांना शिफ्ट लागल्या. चौघांना चार वेगळ्या.

कारखान्याला रविवार नसतो, भट्टी काही दिवाळीला विझवता येत नाही. म्हणून माणसांचे चार गट करतात. एक गट पहाटे सहाला आत जातो, दुसरा दुपारी दोनला, तिसरा रात्री दहाला, आणि चौथ्याची त्या दिवशी सुट्टी. थोड्या थोड्या दिवसांनी हे चक्र फिरतं. हॉस्पिटलातही तसंच. त्यामुळे कुठलीही संध्याकाळ घ्या, हॉट मेटलपैकी कुणी तरी एक जण सेकंड शिफ्टला आत अडकलेला असायचाच. प्रॅक्टिसला कायम तिघं. कधी गिटार नाही, कधी गाणारी नाही. ड्रम नसला तरी चालतं, असं ओमप्रकाश एकदा बोलून गेला, तेव्हा धोंडबा रागावून त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही. अर्थात त्या आठवड्यात दोघांची भेट तशीही झाली नसती.

आम्हाला एका शिफ्टमध्ये घाला म्हणून तिघांनी अर्ज केले. दर वर्षी केले. गाणं हे काही शिफ्ट बदलायचं कारण होऊ शकत नाही, असं उत्तर दर वर्षी आलं. मग अर्ज थांबले, प्रॅक्टिस थांबली, आणि गावानं ठरवून टाकलं की बेबीवरून भांडण झालं. कुणी म्हणे पैशावरून झालं. शिफ्टच्या तक्त्यानं बँड मोडतो हे कुणालाही पटत नव्हतं. गुलाबरावांना त्याहून जास्त एक गोष्ट सलायची. 'फर्स्ट हीट' चौघांनी मिळून लोकांसमोर एकदाही वाजवली नव्हती. लेकरू जन्माला आलं, पण त्याचं बारसंच राहिलं.

आणि आता शहाण्णव सालच्या गणपतीत ते बारसं होणार होतं.

हे घडवून आणलं उत्कर्ष मंडळाचे सचिव शामसुंदर देवपुजारी यांनी. देवपुजारीसाहेब कारखान्याच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होते आणि जन्मभर जनरल शिफ्टला होते. सकाळी नवाला खुर्चीत, साडेबाराला घरी जेवण आणि डुलकी, दीडला पुन्हा खुर्चीत, पाचला मोकळे. अशा माणसाला मनापासून वाटतं की पाचनंतर सगळं जग मोकळं असतं. मंडळाचं पंचविसावं वर्ष होतं आणि काही तरी जुनं-नवं करायचं होतं. त्यांनी गुलाबरावांना बोलावून सांगितलं की शनिवारी संध्याकाळी सातला तुमचा बँड ठेवतो, मात्र चौघंही हवेत, अर्धवट काम नको.

गुलाबराव घरी आले ते सायकलवरून नव्हे, हवेतून आले. धोंडबा त्या महिन्याच्या अखेरीला स्वेच्छेनं, मुदतीआधीच रिटायर होणार होता आणि बायकोला घेऊन साकोलीकडच्या आपल्या गावी, शेतावर जाणार होता. एकदा तो गेला की हॉट मेटलचे चार कोपरे पुन्हा जुळायचे नव्हते. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, आणि हे चौघांनाही माहीत होतं.

शिफ्टवाल्या माणसाला तारीख सांगितली की तो डोळे मिटून हिशोब करतो. गुलाबरावांनी डोळे मिटले. त्या शनिवारी धोंडबाची सुट्टी, ओमप्रकाश दुपारी दोनलाच सुटलेला, बेबीताईंची नाईट, म्हणजे दहापर्यंत त्या मोकळ्या. सेकंड शिफ्टला अडकलेला चौथा माणूस म्हणजे ते स्वतः होते.

पण बावीस वर्षांत गुलाबराव काही अगदीच बावळट राहिले नव्हते. अशा वेळी कारखान्यात 'म्युच्युअल' करतात. तू माझी ड्यूटी कर, मी तुझी करतो. साहेबाची एक सही लागते, बाकी सगळा कारभार शब्दावर. आणि म्युच्युअलचा शब्द मोडायचा नसतो. घरात कुणी आजारी असलं तरी मोडत नाहीत, कारण तुम्ही आला नाहीत तर आत असलेला माणूस सुटत नाही, त्याला पुढचे आठ तास तिथंच काढावे लागतात. लग्नात दिलेला शब्द मोडलेली माणसं भिलाईत सापडतील, म्युच्युअलचा मोडलेला सापडणार नाही.

गुलाबराव बाबुलालकडे गेले. बाबुलाल त्यांच्याच मिलमध्ये, त्यांच्याच कामावर, पण दुसऱ्या गटात. तो एका पायावर तयार झाला. सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर क्रिकेटची शेवटची मॅच होती आणि नेमकी सोमवारी त्याची सेकंड शिफ्ट होती. शनिवारची गुलाबरावांची त्यानं करायची, सोमवारची त्याची गुलाबरावांनी करायची, असं ठरलं. क्रिकेट पाहणाऱ्याला क्रिकेट, गाणाऱ्याला गाणं. इतका सरळ सौदा झाला की गुलाबरावांनी परतीच्या वाटेवर सुपेल्याच्या चौकात दोन समोसे जास्तीचे खाल्ले.

ही युक्ती त्यांनी चार जणांना सांगितली आणि घोळ तिथं सुरू झाला. हॉट मेटल पुन्हा वाजणार ही बातमी रेल मिलमधून कोक ओव्हन खात्यात आणि तिथून यार्डात पोचली होती. ज्यांनी तरुणपणी ती रेकॉर्ड ऐकली होती त्या सगळ्यांना शनिवारची संध्याकाळ मोकळी हवी होती. आणि ज्यांना गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं त्यांना सोमवारी मॅच पाहायची होती. मग काय, जो तो गुलाबरावांचाच सौदा करू लागला. तू माझा शनिवार घे, मी तुझा सोमवार घेतो. कँटीनमध्ये, लॉकर रूममध्ये, सायकल स्टँडवर हेच चाललं होतं. रेल मिलचे शिफ्ट इनचार्ज चौबेजी सह्या करता करता वैतागले. त्यांना वाटलं, शनिवारी कुणाचं तरी लग्न असावं.

प्रॅक्टिस सुरू झाली ती ओमप्रकाशच्या जुनवानीच्या घरी. तिथंही कधी चौघं जमलेच नाहीत, रोज कुणी तरी एक ड्यूटीवर. शेवटी बेबीताईंनी तोड काढली. जो नसेल त्याच्या जागी रेकॉर्ड लावायची आणि बाकीच्यांनी तिच्याबरोबर वाजवायचं. म्हणजे धोंडबा नसला की पंचेचाळिशीच्या पुढचे तिघं जण तरुण धोंडबाबरोबर वाजवत, आणि तो त्यांना दमवून सोडी. बेबीताई आता हॉस्पिटलात सिस्टर इनचार्ज होत्या, डोक्यावर पांढरी बट होती, पण आवाज तसाच होता. गुलाबराव चहा पिता पिता ऐकत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. ओमप्रकाशच्या बायकोनं विचारलं तर म्हणाले, मिरचीचा ठसका लागला.

गुरुवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी देवपुजारीसाहेबांनी गुलाबरावांना मांडवात बोलावलं. साहेब खुशीत होते. कारखान्याचे फार वरचे एक साहेब कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून यायला तयार झाले होते. फक्त त्यांना शनिवारी रायपूरला जायचं होतं.

"तेव्हा तुमचा कार्यक्रम सोमवारी ठेवलाय," साहेब म्हणाले. "तुम्हाला दोन दिवस जास्तीचे मिळाले तयारीला. बरंच झालं की."

गुलाबरावांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे सोमवारचा अख्खा तक्ता उभा राहिला.

"साहेब, सोमवारी जमत नाई," ते म्हणाले. "सोमवारी ओमप्रकाशची सेकंड हाये. अन् मायी बी हाये. मी बाबुलालची करून राहिलो."

"मग त्याला सांगा ना की आता नाही जमत."

"शब्द देल्ला हाये साहेब. म्युच्युअल हाये ते."

"अहो लांजेवार, तो काय सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे का?"

गुलाबरावांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. शनिवारची संध्याकाळ मोकळी व्हावी म्हणून निम्म्या मिलनं सोमवार अंगावर घेतलाय, सोमवारी वाजवणारेही आत आणि ऐकणारेही आत, बाहेर राहणार ते मॅचवाले, ते टीव्हीसमोरून हलायचे नाहीत. साहेबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की प्रमुख पाहुण्यांची तारीख बदलता येणार नाही. नाही तरी रायपूरचा एक तयार ऑर्केस्ट्रा त्यांच्या नजरेत आहेच.

"तुम्हा शिफ्टवाल्यांचं हे असंच," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, दया होती. "कधी कशात बसतच नाही तुमचं. जाऊ द्या, हौस होती, ती प्रॅक्टिसमध्ये भागली म्हणायची."

राग असता तर गुलाबरावांनी गिळला असता. दया काही त्यांच्या घशाखाली उतरेना. एवढी वर्षं ज्या रेल्वेरुळांवरून साहेबांची गाडी नागपूरला जाते ते रूळ याच शिफ्टवाल्यांनी पहाटे, दुपारी आणि रात्री जागून काढले होते. ते कशात बसत नव्हते म्हणे.

त्या रात्री सेकंड होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कोहक्याला बेबीताईंच्या घरी गेले, कारण त्या नाईट करून आल्या होत्या आणि झोपायच्या आत गाठणं भाग होतं. धोंडबाची सुट्टी होती, म्हणून तोही आला. ओमप्रकाश अर्थातच ड्यूटीवर होता. गुलाबरावांनी मांडवातलं सगळं सांगितलं. धोंडबा म्हणाला की जाऊ द्या बावा, आपल्या नशिबात नव्हतं, मी आपला गावी जाऊन धानाच्या बांधीवर डबडं वाजवीन.

बेबीताई तेवढ्यानं भडकल्या. त्यांनी अंगावरचा युनिफॉर्मही बदलला नव्हता.

"नशिबाले कावून बोल लावून राहिले, धोंडबाजी? गुलाबभाऊ, रेकॉर्डचं पयलं गानं म्हना बरं."

"आता?"

"म्हना."

गुलाबरावांनी खालच्या आवाजात म्हटलं:

*दोन वाजले, दोन वाजले, गेट उघडलं गं,*
*हजार सायकलींत माझं मन हरवलं गं…*

म्हणता म्हणता ते थांबले. दुपारी दोन वाजता, शिफ्ट बदलताना, मेन गेटसमोर आपल्या माणसाची वाट पाहणाऱ्या पोरीचं ते गाणं होतं. ते त्यांनी स्वतःच रचलं होतं.

"सोमवारी दोन वाजता तुमी कोठी असान?" बेबीताईंनी विचारलं.

"गेटवर. आत जाऊन राहिलो असन."

"ओमप्रकाश?"

"तो बी तसाच."

"मी फर्स्ट करून बाहेर येऊन राहिलो असन," धोंडबा हळूच म्हणाला.

"मायी सुट्टी हाये. अन् जे जे ऐकनारे सोमवारच्या सेकंडले अडकले, ते सगळे त्याच गेटातून आत जानार. बावीस वर्सं आपन संध्याकाळ शोधून राहिलो. दुपारी दोन वाजता चौघंबी त्या गेटवर जमू शकतो, हे कोनाच्या ध्यानातच नाई आलं. गान्यात लिहून ठेवलं अन् इसरलो." बेबीताईंनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर टाकली. "मांडव नको, सचिव नको, पाव्हना बी नको. सोमवारी गेटवर वाजवू."

धोंडबाचे ड्रम तर केव्हाच विकले गेले होते. तो उठला आणि थेट सुपेल्याला निघाला, लग्नाच्या बँडवाल्याकडून एक ड्रम मागून आणायला. त्याची चाल पाहून कुणी म्हटलं नसतं की हा माणूस पंधरवड्यात रिटायर होणार आहे.

कारखान्याच्या इतिहासात सेकंड शिफ्टची माणसं वेळेआधी आल्याची नोंद नाही. त्या सोमवारी ती दीड वाजताच आली. पहिला आला तो धोंडबाचा रिलीव्हर. त्यानं तडक आत जाऊन ड्यूटी हातात घेतली आणि धोंडबाला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. बाहेर सायकल स्टँडजवळच्या चहाच्या टपरीला लागून बेबीताई आपल्या लूनावर गिटार आणि ड्रम असं सगळं बांधून हजर होत्या. ओमप्रकाश अकॉर्डियन गळ्यात अडकवूनच सायकलवर आला. सुशीलाबाई आणि बाबुलालची बायको रंभा दोघी रिक्षानं आल्या. आपण फक्त डबा द्यायला आलो आहोत, असं सुशीलाबाई प्रत्येकाला सांगत होत्या. डबा त्यांनी घरीच विसरला होता.

गेटवरचा जवान पुढे आला. गेटसमोर सभा घ्यायला मनाई आहे, असं त्यानं हिंदीतून बजावलं. त्याचं बरोबरच होतं, कारण आजवर तिथं वाद्यं घेऊन कुणी आलं तर ते संपासाठीच.

"सभा नहीं है भैया," गुलाबराव म्हणाले. "हम ड्यूटी पे जा रहे हैं।" त्यांनी गळ्यातला गेटपास दाखवला. "दो बजे तक टाइम है। तब तक आदमी बाहर खड़ा होके गाना गा सकता है कि नहीं?"

जवानानं विचार केला. नियमात सभा होती, घोषणा होत्या, गाणं नव्हतं. तो बाजूला झाला.

धोंडबानं हेल्मेट न काढताच ड्रमवर पहिला हात मारला. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला चौघं एकदम सुरू झाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा गुलाबरावांना मागून खरा ड्रम, उजवीकडून खरं अकॉर्डियन आणि डावीकडून बेबीताईंचा खरा आवाज एकाच वेळी ऐकू आला, आणि ते पहिला शब्दच विसरले. तो समोरच्या गर्दीनं उचलला. सेकंड शिफ्टवाले आत जाता जाता थांबले, फर्स्ट शिफ्टवाले बाहेर येता येता थांबले, मध्ये सायकलींचा असा गुंता झाला की हँडलमधून हँडल सुटेना, आणि कुणाला तो सोडवायचाही नव्हता. लोक सायकलच्या घंट्या ठेक्यात वाजवू लागले. ज्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या ते लोक शब्द न चुकता गात होते. गुलाबरावांना तेव्हा कळलं की पेटीतल्या ज्या रेकॉर्ड खपल्या नव्हत्या त्याच तेवढ्या पलंगाखाली होत्या. बाकीच्या या लोकांच्या घरी होत्या.

भोंगा झाला तेव्हा तिसरं गाणं संपत आलं होतं. गुलाबरावांनी गिटार सुशीलाबाईंच्या हातात दिली. सुशीलाबाईंनी पदरानं तिच्यावरची धूळ पुसली. "बरं गायले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि गुलाबराव घामानं भिजलेला शर्ट तसाच ठेवून बाबुलालची ड्यूटी करायला आत गेले.

संध्याकाळचं वर्तमान त्यांना दुसऱ्या दिवशी समजलं. उत्कर्ष मंडळाच्या मांडवात रायपूरचा ऑर्केस्ट्रा वेळेवर सुरू झाला. प्रमुख पाहुणे वेळेवर आले. प्रेक्षक म्हणून देवपुजारीसाहेब, त्यांच्या घरची मंडळी आणि मूर्तीपुढचा पुजारी एवढेच होते. पुजाऱ्याला उठून जाता येत नव्हतं. पाहुण्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी विचारलं की दुपारी मेन गेटवर माझी गाडी अर्धा तास अडवून धरणारे ते लोक कोण होते, आणि त्यांना इथं का नाही बोलावलं?

त्याच दिवशी आणखी एक प्रसंग निभवायचा होता. मंगळवारी चौबेजींनी तिघांना केबिनमध्ये उभं केलं. टेबलावर त्यांचा शिफ्टचा तक्ता होता. म्युच्युअलच्या खाडाखोडीत मूळची नावं वाचता येत नव्हती.

"एक गाने के पीछे तुम लोगों ने मेरी पूरी मिल उलट-पुलट कर दी," चौबेजी म्हणाले. "गेट जाम किया सो अलग। तुम तीनों अलग-अलग शिफ्ट में हो, यही सारी बीमारी की जड़ है। आज से तीनों एक शिफ्ट में। मेरी आँख के सामने। और म्युच्युअल बंद।"

तिघांनी खाली माना घातल्या. कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळं बिघडलं असतं. मिलच्या कोपऱ्यापर्यंत तिघं तसेच, शिक्षा झालेल्या माणसांसारखे पाय ओढत गेले. कोपरा वळल्यावर धोंडबा एका लोखंडी खांबाला टेकून खाली बसला आणि हसू लागला. हसता हसता तो रडू लागला.

"किती वर्सं अर्ज केले रे," तो म्हणाला. "पयलेच गेट जाम केलं असतं त?"

बेबीताईंचा प्रश्न त्यांच्या त्यांनीच सोडवला. हॉस्पिटलातला ड्यूटीचा तक्ता सिस्टर इनचार्ज करते, आणि सिस्टर इनचार्ज त्या स्वतः होत्या. तिघं एकत्र आले आहेत म्हटल्यावर त्यांनी आपलं नाव खोडून तिघांच्या रांगेत नेऊन बसवलं. धोंडबाच्या नोकरीचे उरलेले दिवस चौघं एकाच शिफ्टला असणार होते.

बुधवारी सकाळी देवपुजारीसाहेब गुलाबरावांच्या क्वार्टरवर आले. साहेब स्वतःहून कुणाच्या क्वार्टरवर येत नसत, त्यामुळे बसायला काय द्यावं यावरून घरात थोडी धावपळ झाली. सुशीलाबाईंनी पातेल्यावरची तबकडी उचलली आणि त्यांना पेलाभर ताक दिलं. साहेबांनी ताकाची तारीफ केली, हवेची चौकशी केली, आणि मग मुद्द्यावर आले. उद्या विसर्जन होतं. त्याच्या आधी मांडवात सातला हॉट मेटलचा कार्यक्रम व्हावा, अशी वरच्या साहेबांची फार इच्छा होती. फार म्हणजे फारच.

गुलाबरावांनी डोळे मिटले. या वेळी त्यांना हिशोब करायची गरज नव्हती, पण सवय असते.

"उद्या सेकंड हाये साहेब," ते म्हणाले.

"तुमची ना? बाकी तिघं तर आहेत?"

"चौघांची बी."

"मग रजा टाका. मी बोलतो चौबेंशी."

"नाई टाकत."

ते इतकं शांतपणे म्हणाले की भाजी चिरणाऱ्या सुशीलाबाईंचा हात थांबला. गुलाबरावांनी सेक्टरातल्या एवढ्या मोठ्या साहेबाला आजवर 'नाही' म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"कार्यक्रम हाये नं साहेब," गुलाबराव पुढे म्हणाले. "रोज हाये. आता सेकंड, मंग नाईट, दुपार मोकळीच. धोंडबा रिटायर होईपर्यंत रोज दीड वाजता, मेन गेट, सायकल स्टँडच्या बाजूले. मोठ्या साहेबाइले सांगा, कार दूर लावा म्हनाव. तुमी बी या."

देवपुजारीसाहेबांनी पेला खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला.

"दीड वाजता?" ते म्हणाले. "अहो, दीडला मला ऑफिसात खुर्चीत असावं लागतं. माझी जनरल शिफ्ट."

गुलाबरावांनी मान हलवली. त्यांना साहेबांची खरोखर दया आली.

"मंग कोनासंग तरी म्युच्युअल करून पाहा," ते म्हणाले, आणि ताकाच्या पातेल्यावर रेकॉर्ड पुन्हा नीट बसवून ठेवली.